दिवा न लावता दिसलेला इलेक्ट्रॉन

आमच्या फिजिक्सच्या मॅडमना खोटं बोललेलं चालायचं. उशीर का झाला म्हणून विचारल्यावर कुणी 'बस बंद पडली' म्हणालं तर त्या मुकाट्यानं आत घ्यायच्या, आणि कारण रंगवून सांगितलं असेल तर 'जमलंय की' म्हणून दादही द्यायच्या. फक्त एक शब्द खोटा बोललेला त्यांना खपायचा नाही. 'दिसलं.' सूक्ष्मदर्शक असो, दुर्बीण असो, डोळा लावून काहीही न दिसता जो 'दिसलं' म्हणेल त्याची त्या दिवशी धडगत नसायची.

आणि सापळाही त्याच लावायच्या. स्पेक्ट्रोमीटरसमोरचा दिवा बंद ठेवायच्या आणि एखाद्या पोराला डोळा लावायला सांगायच्या.

"दिसलं का रे?"

"हो मॅडम."

"काय दिसलं?"

"रेषा, मॅडम."

"कसल्या रंगाची?"

"पिवळी."

"एकच?"

"दोन आहेत मॅडम. शेजारी शेजारी." सोडियमच्या उजेडात दोन पिवळ्या रेषा दिसतात हे बिचाऱ्यानं पाठ केलेलं असायचं.

मग मॅडम पदराआड धरलेला दिव्याचा प्लग हळूच बाहेर काढायच्या आणि त्याच्या नाकासमोर धरायच्या. "पाठांतर झ्याक हाय," म्हणायच्या, "आता डोळं उघड."

उंच, हाडापेरानं मजबूत बाई. शिरोळकडच्या जैन शेतकरी घरातल्या. आवाज उसाच्या या टोकावरून त्या टोकाला हाळी देऊन कमावलेला, त्यामुळे त्यांचं लेक्चर शेजारच्या कॉमर्सच्या वर्गालाही फुकट मिळायचं. गाव कर्नाटकच्या हद्दीला लागून, म्हणून आश्चर्य वाटलं की तोंडातून 'यव्वा!' निघायचं. बाकी बोलणं अस्सल कोल्हापुरी. आमच्याकडं बायकाही 'मी येतो', 'मी जातो' म्हणतात तशा त्याही म्हणायच्या. पुण्याहून बदलून आलेल्या एका नव्या सरांना त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "तुम्ही बसा, मी चा सांगून येतो." ते सर बराच वेळ दाराकडं बघत होते, मॅडमबरोबर आणखी कोण गेलं म्हणून.

प्रयोगशाळेत विजेचा धक्का बसू नये म्हणून त्या रबरी चप्पल घालायच्या. पुढं तीच सवय झाली. लग्नाला जरीची साडी आणि खाली निळ्या पट्ट्यांची रबरी चप्पल. कुणी बघून हसलं तर म्हणायच्या, "मांडवात लाइटिंग किती हाय बघितलासा? आधी तुम्हीच शॉक खाताय बघा."

सूर्य मावळल्यावर जेवायचं नाही हा घरचा नेम त्यांनी कधी मोडला नाही. त्यामुळे दुपारच्या प्रॅक्टिकलला त्यांचं एक लक्ष आमच्याकडं आणि एक लक्ष खिडकीकडं. ऊन समोरच्या इमारतीच्या गच्चीवर चढलं की डबा उघडायचा. गॅल्व्हानोमीटरच्या शेजारी ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि हातवारे करत ओहमचा नियम. एकदा चटणीचा कण काट्याच्या काचेवर पडला आणि आमच्या ग्रुपनं तो काटाच समजून रीडिंग घेतलं. मॅडमनी ते रीडिंग तपासलं, चटणी बोटानं टिपून खाल्ली आणि म्हणाल्या, "आता परत घ्या."

पहिल्या वर्षाच्या सगळ्या पोरापोरींना त्या 'पावणं' म्हणायच्या. "काय पावणं, आज वर्गात येणं केलंसा?" ज्याला त्या 'अगं' किंवा 'अरे' म्हणतील तो घरचा झाला असं समजायचं. काहीजण पदवी घेऊन बाहेर पडले तरी पावणेच राहिले.

मी मात्र पहिल्याच महिन्यात 'अगं' झाले आणि त्याचं सगळं श्रेय माझ्या चष्म्याला. त्या दिवशी सापळा माझ्यासाठी होता. मी डोळा लावला. काळंकुट्ट. माझा नंबर आधीच जाड, आणि घरी कुणाला कळू न देता मी रात्रंदिवस मोबाइलवर सिनेमे बघत असे. मला वाटलं, गेले डोळे. मी रडवेली झाले आणि म्हणाले, "मॅडम, मला काहीच दिसत न्हाय. बहुतेक आंधळी व्हायला लागलोय मी."

मॅडम टेबलाचा आधार घेऊन हसल्या. हसता हसता प्लग हातातून पडला. "अगं, दिवाच लावला न्हाय!" म्हणाल्या. "ह्या वर्गात पयलं माणूस भेटलं." भीतीपोटी निघालेलं वाक्य त्यांनी धैर्य म्हणून घेतलं. मीही गैरसमज दूर केला नाही.

मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा आमच्या फिजिक्सवर संकट आलं. फिजिक्स घेणारी मुलं वर्षागणिक कमी व्हायला लागली होती. सगळ्यांना कॉम्प्युटर हवा होता. आमच्या वर्गाला एक रिक्षा पुरली असती. बाहेरगावची एक तपासणी समिती येणार, तिनं वाईट शेरा मारला तर फिजिक्स बंद आणि आम्ही दुसऱ्या कॉलेजच्या वाटेवर. माझ्यासाठी ती वाटही नव्हती. आमचं घर उचगावला. वडील पहिल्या दिवशीच म्हणाले होते, "कोल्हापुरात हाय तवर शीक. सांगली-पुण्याची भाषा काढायची न्हाय." राधानगरीकडची माझी मैत्रीण हॉस्टेलवर राहायची, तिच्या घरी तर स्थळं बघणं सुरूच होतं. म्हणजे फिजिक्स वाचलं तर आम्ही वाचणार होतो.

समितीला दाखवायला काहीतरी भारी पाहिजे म्हणून प्राचार्यांनी मॅडमना बोलावलं. मॅडमनी कपाटातली लाकडी पेटी काढली.

ती पेटी आम्ही दरवर्षी बघायचो, पण फक्त खंडेनवमीला. त्या दिवशी सगळी उपकरणं टेबलावर मांडून हळदकुंकू वाहिलं जायचं, झेंडू ठेवला जायचा, नारळ फुटायचा आणि दुसऱ्या दिवशी पेटी परत कपाटात. कुंकवाचे थर तिच्या झाकणावर बसले होते. मॅडमनी ओल्या फडक्यानं ते पुसले. "लई वर्षं देव म्हणून बसलास," पेटीला म्हणाल्या, "आता कामाला लाग."

आत तेलाच्या थेंबाच्या प्रयोगाचं उपकरण होतं. प्रयोग सांगायला सोपा आहे. धातूच्या दोन चकत्या एकावर एक, मध्ये करंगळी जाईल न जाईल एवढी फट. वरच्या चकतीला सुईच्या टोकाएवढं भोक. वरून तेलाचा बारीक फवारा मारायचा, म्हणजे थोडे थेंब त्या भोकातून फटीत उतरतात. त्यांच्यावर बाजूनं उजेड पाडून सूक्ष्मदर्शकातून बघायचं. फवाऱ्यातून निघताना घासाघाशीत थेंबावर विजेचा थोडा भार चढलेला असतो. चकत्यांना वीज जोडली की खाली चाललेला थेंब मंदावतो, आणि वीज नेमकी जुळली तर अधांतरी थांबतो. वीज नसताना तो किती वेगानं पडतो आणि किती विजेला थांबला यावरून त्याच्यावरचा भार काढायचा. असे पुष्कळ थेंब मोजले की लक्षात येतं, हा भार मनाला येईल तेवढा कधीच नसतो. एकाच लहानशा मापाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असा असतो. ते माप म्हणजे एका इलेक्ट्रॉनचा भार. शंभरेक वर्षांपूर्वी परदेशात हा प्रयोग झाला तेव्हा वीजही सुट्ट्या दाण्यांची असते हे जगाला पटलं.

आमच्या कॉलेजात हा प्रयोग दरवर्षी व्हायचा, पण पेटी न उघडता. उत्तर पुस्तकात होतंच. त्यावरून उलटं गणित करून रीडिंगं तयार व्हायची आणि जर्नलमध्ये जायची. उत्तर प्रत्येकाचं बरोबर.

प्राचार्यांनाही तेवढंच हवं होतं. "मॅडम, उपकरण पुसून ठेवा, शेजारी रंगीत तक्ता लावा. सोनेरी अक्षरात उत्तर लिहा. साहेब बघतील आणि पुढं जातील."

"साहेब बघायला येणार न्हवं?" मॅडम म्हणाल्या. "मग बघू देत की."

"आणि नाही दिसलं तर?"

"तर न्हाय दिसलं म्हणतील. तोंड हाय त्यास्नी."

प्राचार्य भले गृहस्थ होते, पण त्यांना मॅडमची भीती वाटायची. त्यांनी तक्त्याचा विषय सोडून दिला.

मग सुरू झाली आमची साडेसाती. उपकरणाबरोबर आलेल्या तेलाची बाटली कोरडीठाक. मॅडमनी घरून घाण्याचं शेंगतेल आणलं. पहिल्या फवाऱ्यात भोक बुजलं, आणि प्रयोगशाळेत भजी तळल्याचा वास सुटला. मग शिलाई मशीनचं तेल. शेवटी वर्गातल्या एका पोराच्या वडिलांचा उद्यमनगरात कारखाना होता, तिथून पंपाचं पातळ तेल मिळालं. फवारा मारायचा रबरी फुगा तर कधीच कुजून गेला होता. मॅडम महाद्वार रोडवर गेल्या आणि अत्तराची फुग्याची बाटली घेऊन आल्या. कितीही धुतली तरी तिचा वास जाईना. पुढचे कितीतरी दिवस आमची प्रयोगशाळा मोगऱ्यानं घमघमत होती आणि कॉमर्सची पोरं दारावरून जाताना विचारायची, "आत लगीन हाय काय?"

अंधार लागायचा म्हणून खिडक्यांना काळी कापडं. वाऱ्यानं थेंब पळतात म्हणून पंखा बंद. मोबाइल उजळले की डोळे दिपतात म्हणून ते सगळे मॅडमच्या जेवणाच्या डब्यात. मार्च महिना. आम्ही घामानं निथळत त्या अंधारात मोगऱ्याच्या वासात बसून राहायचो.

ही बातमी प्राचार्यांपर्यंत पोचली. ते दारात येऊन आत न बघता म्हणाले, "मॅडम, एवढ्या अंधारात मुलं-मुली एकत्र म्हणजे... पालक काय म्हणतील?"

"इलेक्ट्रॉन एकमेकापासनं लांब ऱ्हात्यात, साहेब," मॅडम आतून ओरडल्या. "त्यांचंच शिकालोय आम्ही. काळजी करू नका."

किती दिवस काहीच दिसलं नाही. थेंबच उतरायचे नाहीत, उतरले तर नजरेच्या टप्प्यात यायचे नाहीत. आम्ही कंटाळलो. मॅडम काही कंटाळल्या नाहीत, पण खोड्या काढणंही त्यांनी बंद केलं होतं आणि ते आम्हाला जास्त जड जात होतं.

एके दुपारी मैत्रिणीनं फुगा दाबला, मी विजेच्या बटणापाशी उभी होते, मॅडमचा डोळा सूक्ष्मदर्शकाला. नेहमीप्रमाणं 'परत मार' असं ऐकायला येईल म्हणून आम्ही थांबलो. काहीच आवाज नाही. मग अगदी हळू, मी त्यांच्याकडून कधी ऐकला नव्हता अशा आवाजात त्या म्हणाल्या, "यव्वा."

"एवढी वर्षं ह्येच्यावर बोलालोय," त्या तशाच वाकून म्हणाल्या. "आमच्या सरांनी सांगितलेलं, दिसलं म्हण आणि फुडं हो. मी झालतो की फुडं. आज गाठ पडली बघ."

त्यांनी डोळा पुसला आणि आम्हाला बोलावलं. मैत्रीण वाकली आणि म्हणाली, "हे तर आमच्या रानातले काजवे!" मग मी. काळ्या अंधारात बारीक बारीक चांदण्या अगदी सावकाश तरंगत होत्या. भिंगात सगळं उलटं दिसायचं, त्यामुळे पडणारे थेंब वर चाललेले दिसायचे. मॅडमनी वीज जोडली. काही चांदण्या तशाच चालत राहिल्या, काही उलट्या फिरल्या, आणि एक थबकली. ती तिथंच थरथरत उभी राहिली. मला एकदम वाटलं, ती आमच्यासाठी थांबलीय. मी काही बोलले नाही, कारण मागून मॅडमचा आवाज आला असता, 'थेंबाला तू माहीत न्हाईस गं.'

समिती आली तेव्हा जेवणाची वेळ होत आली होती. प्राचार्यांनी तांबडा-पांढरा रस्सा सांगून ठेवला होता आणि समितीतल्या दोघांचं लक्ष तिकडंच होतं. अध्यक्ष मात्र फार वजनदार माणूस. कोट, टाय, आणि शुद्ध, घासून-पुसून लख्ख केलेलं मराठी. दारातच थबकून त्यांनी विचारलं, "हा सुगंध कसला?"

"इलेक्ट्रॉनचा," मॅडम म्हणाल्या. "या, बसा पावणं. मी दाखवतो तुम्हाला."

प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले.

कापडं ओढली. अंधार झाला. अध्यक्ष स्टुलावर बसले. मी दिव्याच्या बटणाकडं हात नेला आणि अंधारात माझ्या मनगटावर मॅडमचा हात पडला. घट्ट. मला कळलं त्या काय करणार आहेत, आणि माझ्या डोळ्यांसमोर उचगावचं घर उभं राहिलं.

"लावा डोळा," मॅडम म्हणाल्या. "दिसतंय काय?"

अध्यक्षांनी डोळा लावला. "हं," ते म्हणाले. "छान. अगदी स्पष्ट."

"किती हायेत?"

"पाच-सहा तरी असावेत."

"कुठं चाललेत, वर का खाली?"

"खाली. अर्थात खालीच." अध्यक्ष हसले. "गुरुत्वाकर्षण आहे ना, मॅडम."

प्राचार्य खूश होऊन म्हणाले, "वा! चला, मग आता जेवणाकडं..."

मॅडम तिथं थांबल्या असत्या तर सगळं सुरळीत झालं असतं. साहेबांनी शेरा चांगला मारला असता, आम्ही टाळ्या वाजवल्या असत्या. मी मनातल्या मनात विनवत होते, मॅडम, आज नको. आजच्या दिवस पावण्यांना पावण्यासारखं जाऊ द्या.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "दिवा लावायचा ऱ्हायलाय. लाव गं."

मी बटण दाबलं. सूक्ष्मदर्शकाशेजारचा छोटा दिवा पेटला आणि त्याच्या उजेडात अध्यक्षांचा चेहरा दिसला. त्यावरचा रंग हळूहळू बदलत होता. प्राचार्यांना खोकल्याची उबळ आली. समितीतला एकजण खिडकीचं कापड फार निरखून बघायला लागला.

मग अध्यक्षांनी टाय सैल केला, पुन्हा वाकून डोळा लावला आणि तसेच बसून राहिले. मॅडमनी मवाळ आवाजात विचारलं, "आता दिसतंय?"

"नाही," अध्यक्ष म्हणाले. मग घसा खाकरून, "काहीच दिसत नाही."

"शाब्बास!" मॅडमनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. खरंच मारली, कोटावर, धप्पकन. "भोक बुजलंय, कसं दिसंल? सरका जरा."

त्यांनी चकती काढली, भोक साफ केलं, मैत्रिणीला फवारा मारायला लावलं, भिंग जुळवलं. अध्यक्ष आज्ञाधारक पोरासारखे शेजारी उभे. पुन्हा बसून त्यांनी डोळा लावला. मग म्हणाले, "अरे! हे वर चाललेत की."

"भिंगात उलटं दिसतंय. पडालेतच ते. आता एक धरा. एकच. त्येच्यावरनं नजर हलवू नका. हे बटण फिरवा, सावकाश."

साहेबांनी एक थेंब धरला. तो सुटला. दुसरा धरला, तोही सुटला. तिसरा थांबला. जेवण गार व्हायला लागल्याची वर्दी आली, कुणी लक्ष दिलं नाही. समितीतले दोघे दारापाशी चुळबुळत म्हणाले, "सर, आपल्याला पुढंही जायचंय." सर हलेनात. आणि मग एकाएकी तो थांबलेला थेंब उडी मारल्यासारखा निघाला. हवेतला एक भटका भार त्याला येऊन चिकटला होता. कुणी काही केलं नव्हतं, बटणाला कुणी हात लावला नव्हता.

"गेला!" अध्यक्ष ओरडले. "गेला, गेला! म्या काय केलं न्हाय! आपसूक गेला!"

"इलेक्ट्रॉन हो!" मॅडम त्यांच्या वरताण ओरडल्या. "एखादाच बसला असंल. त्येवढ्यानं पळाला त्यो!"

"सर, जेवण..."

"गप ऱ्हावा वो जरा!" अध्यक्ष डोळा न काढता म्हणाले. "माझा थेंब हाय ह्यो."

कोट-टायच्या आत इतका वेळ दबून बसलेला वारणेकाठचा माणूस असा एका वाक्यात बाहेर आला. नंतर जेवताना कळलं, गाव वारणानगरच्या पलीकडचं. मॅडम त्यांच्या पंगतीला नव्हत्या, त्यांचा डबा होता. पण अध्यक्ष वाटी हातात घेऊन प्रयोगशाळेत आले आणि उभ्या उभ्या रस्सा पीत त्यांनी मॅडमना विचारलं, "बाई, पहिल्यांदा दिवा मुद्दाम नव्हता लावला ना?"

"मुद्दामच की," मॅडम म्हणाल्या.

"मग नंतर लावलात कशाला? माझं खोटं तसंच जाऊ दिलं असतं तर तुमचंच भलं होतं."

"तुम्ही गेला असता वो," मॅडम म्हणाल्या. "ही पोरं हितंच ऱ्हाणार हायेत. त्यांनी काय बघितलं असतं?"

अहवाल आला. फिजिक्स चालू ठेवावं असं त्यात होतं. एकच त्रुटी काढली होती: प्रयोगशाळेत प्रकाशाची पुरेशी व्यवस्था नाही. प्राचार्यांनी लगोलग छताला ओळीनं ट्यूबलाइट बसवून घेतल्या आणि मॅडमनी दुसऱ्या दिवशी त्या सगळ्यांना काळी कापडं बांधली. ती त्रुटी अध्यक्षांनी रागानं लिहिली की गमतीनं, यावर आमच्यात अजून वाद आहेत.

एवढं होऊन परीक्षेत मला चिठ्ठीत तोच प्रयोग आला. मी दिवसभर थेंब पकडले. हिशेब केला. इलेक्ट्रॉनचा भार पुस्तकातल्यापेक्षा चांगलाच जास्त आला. परत केला, परत तोच. समोर बाहेरचे परीक्षक आणि शेजारी आतल्या परीक्षक म्हणून मॅडम, ओठ घट्ट मिटून बसलेल्या.

"हे उत्तर चुकलंय," परीक्षक म्हणाले. "तुला माहीत आहे?"

"हो सर."

"खरं उत्तर पाठ आहे?"

"आहे सर."

"मग?"

"मला एवढाच आला, सर."

परीक्षक मॅडमकडं वळले. "काय म्हणायचं याला, मॅडम?"

"कोल्हापूरचं पाणी हाय, साहेब," मॅडम गंभीरपणे म्हणाल्या. "जरा अंगानं भरणारच त्यो."

परीक्षक हसले खरे, पण मार्क कापायचे ते कापलेच. मी पास झाले, वर्गात मात्र खाली गेले. उलटं गणित केलेल्या दोघांना पैकीच्या पैकी मिळाले. मॅडमनी त्यांना काही म्हटलं नाही. फक्त त्यांना त्या परत 'पावणं' म्हणायला लागल्या.

निकाल लागून सगळं संपल्यावर मेमधल्या एका दुपारी आमच्या गल्लीत स्कूटीचा हॉर्न वाजायला लागला तो थांबेचना. मी बाहेर आले. फाटकात मॅडम. डोक्याला टॉवेल, पायात रबरी चप्पल, चेहरा उन्हानं लाल.

"अगं, तुझा इलेक्ट्रॉन बरोबर होता!" त्या गल्लीतनंच ओरडल्या. "थेंब लई बारीक होते आपले!"

आई पदराला हात पुसत धावत आली. "काय झालं वो? नापास झाली काय?"

"न्हाय वो अक्का, सुटली!"

त्यांचं म्हणणं असं होतं. थेंब फार बारीक असला की हवेच्या कणांच्या मधल्या मोकळ्या जागेतनं घसरल्यासारखा जरा जास्तच वेगानं पडतो. पुस्तकातलं साधं सूत्र हे धरत नाही, म्हणून भार जास्त निघतो. त्याची दुरुस्ती वेगळी करावी लागते आणि आमच्या पुस्तकात ती दिलीच नव्हती. मॅडम परीक्षा झाल्यापासून त्याच्यामागं लागल्या होत्या.

"मॅडम, फोन करायचा की," मी म्हणाले. "एवढ्या उन्हाचं..."

"फोनवर सूत्र कसं दाखवू तुला? कोळसा आण."

गोठ्याची भिंत नुकतीच चुन्यानं रंगवलेली होती. मॅडमनी तिच्यावर कोळशानं गणित मांडलं. मी मागून आकडे सांगत होते, त्या लिहीत होत्या, म्हैस मान वळवून बघत होती. आई चहाचे कप घेऊन उभी राहिली आणि चहा निवला तरी तिला 'घ्या' म्हणायचं सुचलं नाही. शेवटच्या ओळीला उत्तर आलं, पुस्तकातल्याच्या अगदी जवळ. मॅडमनी त्याच्याभोवती चौकोन काढला आणि माझ्याकडं वळून बघितलं.

"मग हिचं मार्क वाढणार काय?" आईनं विचारलं.

"न्हाय वो," मॅडम म्हणाल्या. "ते छापून झालं. ह्ये खरं हाय, एवढंच."

आईला ते पटलं नाही, पण ऊन उतरायला लागलं होतं, म्हणून तिनं मॅडमना घाईनं भाकरी आणि ताजं लोणी वाढलं. त्या जेवल्या आणि दिवस असेपर्यंत घरी पोचायचं म्हणून भरधाव निघून गेल्या.

ती भिंत मी कुणाला पुसू देणार नव्हते. वडिलांनाही बजावलं होतं. पण दोनच दिवसांत म्हशीनं तिथं पाठ घासली आणि चौकोनासकट सगळं गणित साफ केलं. मी हळहळून मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "आता म्हशीला जपून हात लावा. सगळा चार्ज तिच्याच अंगावर हाय."

मी हसत बाहेर आले. आई धार काढायला बसत होती. मी तिला ते सांगितलं, तर ती खरोखरच हात मागं घेऊन बसली आणि वडील येईपर्यंत तिनं म्हशीला शिवलं नाही.